खोल दिसलं की पहिले गोटा टाकून पाहा

परवा शेजारचा पोट्टा कविता घेऊन आला. बीएससी सेकंड इयरला आहे, मानेवाड्यात जन्मला अन् तिथंच वाढला, कॉलेजच्या मॅगझिनला कविता द्यायची होती म्हणून "काकू जरा पाहून द्या ना" करत दारात उभा. पहिलीच ओळ, माझ्या मनाच्या अथांग दरीत मी कोसळतो आहे. मी विचारलं, कोणती दरी रे? तर म्हणे, "कोणती म्हणजे? दरी म्हणजे दरी." म्हटलं पाहिली का तू कधी? "इंस्टावर पाहिली ना."

आता त्याची चूक नाही. नागपूर म्हणजे ताट आहे ताट. सीताबर्डीची टेकडी चढून उतरलो की आमचा चढउतार संपला. खरी दरी पाहायची तर चिखलदऱ्याला जावं लागते, तिथं भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं म्हणतात ती कीचकदरी आहे, अन् पावसाळ्यात धुकं उतरलं की तिच्या काठावर उभं राहून खाली काहीच दिसत नाही, तेव्हा पोटात जे होते ते इंस्टावर होत नाही. पण मी इतकी वर्षं मराठी शिकवली अन् दर वर्षी पोरांच्या वहीत तीच दरी पाहिली, तर आता रिटायर झाल्यावर का होईना एकदाचं लिहून ठेवते, की वाचताना असं खोल काही समोर आलं तर काय करायचं, आपण लिहिताना आलं तर काय करायचं, अन् खरंच पाय घसरला तर काय करायचं. त्या पोट्ट्यासाठी लिहिलं आहे, तुम्हाला चाललं तर घ्या.

आधी शब्द अदलून बदलून पाहा

इंग्रजीत ज्याला अबिस म्हणतात तो शब्द मुळात ग्रीक. अ म्हणजे नाही, बिसॉस म्हणजे तळ. ज्याला तळ नाही ते. जर्मनमध्ये आबग्रुंड म्हणतात, त्यात ग्रुंड म्हणजे जमीन, म्हणजे पायाखालची जमीनच निसटली. अन् मराठीत? अथांग. अ अधिक थांग, ज्याचा थांग लागत नाही ते. बांधणी तीच, ग्रीकसारखी जशीच्या तशी. पण आपण हा शब्द वापरतो कुठं ते पाहा, अथांग सागर, अथांग माया, आईचं अथांग प्रेम. घाबरतो का कोणी? उलट कौतुकानं म्हणतो. तिकडे तळ नाही म्हटल्यावर माणूस थरथरला अन् आपल्याकडे तळ नाही म्हटल्यावर हात जोडले. त्या पोट्ट्याच्या ओळीत हीच गडबड झाली होती, अथांग म्हणून कौतुक चाललं होतं अन् कोसळतो म्हणून रडणं, दोन्ही एकाच श्वासात.

भीतीसाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत अन् प्रत्येकाचं काम वेगळं आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. गर्ता घ्या. कर्जाच्या गर्तेत, व्यसनाच्या गर्तेत. गर्तेच्या काठावर कोणी उभं दिसत नाही, वाक्य सुरू होते तेव्हा माणूस आत पडलेलाच असतो. दरीचं तसं नाही, दरीला कडा आहे, कड्यावर थांबता येते, मागे फिरता येते. अन् पेपरवाल्यांची दरी अजून निराळी, गरीब श्रीमंतांतली दरी रुंदावली म्हणतात, म्हणजे त्यांना खोलीशी देणंघेणं नाही, त्यांना या काठावरून त्या काठावर जाता येते का तेवढंच पाहायचं आहे. डोह म्हणजे पाणी, वरून शांत, त्यात पोहताही येते अन् बुडताही येते. विहीर कोणीतरी खणलेली असते. अन् खाण कोणीतरी खणलेली असते शिवाय तिच्यातून निघालेलं कोणीतरी घेऊनही गेलेलं असते. उमरेडकडे कोळशाची ओपनकास्ट खाण आहे, वरून पाहिलं तर खालचे डंपर खेळण्यातले वाटतात, अन् बाजूला काढलेल्या मातीचे डोंगर. आमच्या सपाट मुलखात डोंगर अन् दरी दोन्ही माणसानंच केले. तर ज्याला कोणीतरी आपल्याला पोखरलं असं म्हणायचं आहे त्यानं दरी कशाला लिहावी, खाण लिहावी ना.

म्हणून पहिली युक्ती ही, की ज्या वाक्यात दरी आली तिथं डोह घालून पाहा, मग विहीर, मग खाण, मग गर्ता. वाक्याचा अर्थ जराही हलला नाही तर समजायचं की तो शब्द तिथं नुसता बसून आहे, काम काही करून नाही राह्यला. वाचताना पण हेच. चांगल्या लेखकाच्या वाक्यात हा अदलाबदलीचा खेळ चालतच नाही, शब्द जागचा हलतच नाही.

आपल्या म्हणी सुद्धा नीट पाहा. इकडे आड तिकडे विहीर. आपण ती दोन्हीकडून संकट म्हणून वापरतो. माझ्या आजीपुढे एकदा मी ही म्हण वापरली तर ती म्हणाली, दोन्हीकडे पाणीच आहे ना, मग रडते काहून? मे महिन्यात काटोलकडच्या बाईला विचारा, आड अन् विहीर दोन्ही असणं म्हणजे श्रीमंती आहे.

मग गोटा

आजीचीच गोष्ट निघाली तर सांगते. काटोलकडे तिच्या संत्र्याच्या बागेत विहीर होती, दगडानं बांधलेली, एका बाजूनं दगड पुढे काढून उतरायच्या पायऱ्या केल्या होत्या अन् कपारीत पारव्यांची घरटी. आम्ही पोरं काठावर पालथे पडून आत डोकं घालायचो अन् आवाज द्यायचो. मामानं आम्हाला शिकवलं, वाकून डोळे फाडून पाहू नका, खाली अंधार आहे, अंधारात पाहून खोली कळत नाही, गोटा टाका अन् मोजा. एक आकडा नीट म्हणायला साधारण एक सेकंद लागावा असं "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. एका सेकंदात गोटा साधारण १६ फूट खाली जातो, दोन सेकंदांत ६४ फूट, तीन सेकंद लागले तर १४४. सेकंदाला सेकंद गुणायचा अन् त्याला १६ नं गुणायचं, झालं. आवाज वर यायला लागणारा वेळ इतका थोडा असतो की विहिरीपुरतं सोडून द्या.

पण मामा म्हणायचा आकड्यापेक्षा आवाज ऐका. डुबुक झालं तर पाणी आहे. टण्ण झालं तर खडक. थप्प झालं तर गाळ साचला आहे, उन्हाळ्यात उपसावा लागेल. अन् काहीच ऐकू नाही आलं तर? तर बहुतेक तुम्ही मोजताना बोलत होतात, परत टाका.

मी पुढे आयुष्यभर पुस्तकं अशीच वाचली. लेखकानं खोल काही दाखवलं की मी गोटा टाकते, म्हणजे विचारते, खालून काही परत येते का? नुसता अंधार, गूढ, भयाण, असंच सांगत असला तर समजायचं की हा स्वतःही काठावरूनच पाहून राह्यला. उतरलेला माणूस बारीकसारीक सांगतो. इटलीचा दांते घ्या, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा कवी, त्यानं नरक लिहिला तर नरसाळ्यासारखा लिहिला, एकाखाली एक नऊ वर्तुळं, कोणत्या वर्तुळात कोण अन् त्याला कोणती शिक्षा सगळं ठरलेलं, आपल्या सातबारासारखं चोख. अन् गंमत म्हणजे सगळ्यात तळाशी आग नाहीच, बर्फ आहे. सैतान छातीपर्यंत बर्फात गोठलेला. हे नुसतं काठावर बसून सुचत नाही. अन् पुढे त्याहून भारी, तळ गाठल्यावर दांते अन् त्याचा वाटाड्या परत वर येत नाहीत, त्या सैतानाच्याच अंगाला धरून उतरत उतरत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला निघतात, अन् बाहेर येऊन पहिले काय पाहतात तर तारे. म्हणजे त्याच्या खड्ड्याला तळ होता अन् तळाला मागचं दार होतं.

ग्रीकांनी तळ नाही म्हटलं ते मुख्यतः पाण्याबद्दल. बायबलच्या सुरुवातीलाच खोल पाण्यावर अंधार होता असं येते, अन् ग्रीक भाषांतरात त्या खोल पाण्यासाठी हाच शब्द घातला. आपल्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२९ वं सूक्त आहे, नासदीय म्हणतात ते, तिथंही सुरुवातीला तेच खोल पाणी येते, गहनं गभीरम्, पण तिथं विधान नाही, प्रश्न आहे. पाणी होतं का, इतकं गहन? मला ते फार आवडते. तो ऋषी गोटा टाकूनच बसला आहे कान लावून. अन् सूक्ताच्या शेवटी म्हणतो, जो वरून पाहतो त्यालाच माहीत असेल, नाहीतर त्यालाही नसेल. उत्तर आलंच पाहिजे असं थोडी आहे, पण गोटा टाकायला पाहिजे. समुद्राचं म्हणाल तर १९६० च्या जानेवारीत दोन माणसं लोखंडी गोळ्यात बसून मरियाना गर्तेत जवळजवळ अकरा किलोमीटर खाली तळावर जाऊन टेकली, वीसेक मिनिटं थांबली अन् वर आली. ज्याला तळ नाही म्हणत होते त्याला तळ निघाला. घ्या.

काठावर कोण उभं आहे ते विसरू नका

ही गोष्ट बऱ्याच जणांनी कीर्तनात ऐकली असेल पण कोण कोणाला सांगते ते ध्यानात नसते. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो. एक ब्राह्मण घनदाट जंगलात भरकटतो, पळता पळता वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो, अन् वेलीतच पाय अडकून खाली डोकं वर पाय असा लटकतो. मूळ संस्कृतात उपमा दिली आहे की देठाला लटकलेल्या फणसासारखा. फणस! काय नजर आहे पाहा, इतक्या भयानक जागी फणस आठवला. खाली तळाशी भला मोठा साप. वर काठाशी सहा तोंडांचा बारा पायांचा हत्ती, म्हणजे सहा ऋतू अन् बारा महिन्यांचं वर्ष. ज्या झाडाच्या आधारानं तो लटकला ते झाड काळे पांढरे उंदीर कुरतडून राह्यले, ते दिवस अन् रात्री. अन् झाडावर मधाचं पोळं, त्यातून थेंब पडतात, अन् हा गडी उलटा लटकलेला असताना तो मध चाटतो, अन् त्याची हाव काही भागत नाही.

आता ही गोष्ट तशीच वाचली तर संसार असार आहे वगैरे, प्रवचन झालं. पण कोणाला सांगितली? ज्याची शंभर पोरं नुकतीच मेली त्या आंधळ्या म्हाताऱ्याला. तो काठावर नाहीच, तो आत लटकलेला आहे अन् त्याला दिसत पण नाही. विदुर त्याला म्हणून राह्यला की बाबा, तू एकटा नाहीस यात, सगळे असेच लटकले आहेत. ते सांत्वन आहे.

हीच गोष्ट फिरत फिरत रशियात पोचली. टॉलस्टॉय पन्नाशीचा असताना, पैसा, नाव, घर, पोरंबाळं सगळं असताना एकाएकी कोसळला, अन् त्यानं आपली कैफियत लिहिली त्यात ही विहीर आहे, पूर्वेकडची जुनी गोष्ट म्हणून सांगतो. पण तो म्हणतो, माझे मधाचे थेंब दोन होते, घरच्यांवरची माया अन् लिखाण, अन् आता ते मला गोड लागत नाहीत. बस, मुख्य फरक एवढाच. विहीर तीच, सापाच्या जागी ड्रॅगन, उंदीर तेच. विदुराच्या गोष्टीत माणसाचा दोष हा की त्याला मध गोड लागतो, अन् टॉलस्टॉयचं दुखणं हे की मध गोड लागणं बंद झालं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिली होती बराच वेळ.

तर वाचताना दुसरी गोष्ट ही विचारायची, खड्डा कोण दाखवून राह्यलं अन् कोणाला. काठावरून दाखवणारा अन् आत लटकलेला, दोघांचं वाक्य दिसायला सारखं असू शकते.

इथंच ते नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचं. प्रत्येकाच्या स्टेटसला असते, तुम्ही खोल गर्तेत फार वेळ पाहिलं तर गर्ताही तुमच्यात पाहते. खाली काळं बॅकग्राउंड अन् जोकरचा फोटो. हे वाक्य १८८६ मधल्या पुस्तकातलं, १४६ व्या नंबरचं छोटंसं टिपण, अन् त्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं कोणी टाकतच नाही. पहिलं असं की जो राक्षसांशी लढतो त्यानं स्वतः राक्षस होणार नाही याची काळजी घ्यावी. म्हणजे ते भांडणाऱ्यांसाठी होतं, ज्यांना वाटते आपण चांगल्या बाजूनं लढून राह्यलो त्यांच्यासाठी. उदास होऊन खिडकीत बसणाऱ्यांसाठी नव्हतं. अर्धं वाक्य उचललं की असं होते. माझा भाचा कोर्टात प्रॅक्टिस करतो, जमिनीच्या केसेस, त्याला मी पूर्ण टिपण समजावून सांगितलं तर तो म्हणे मावशी हे तर आमच्या बाररूममध्ये लावायला पाहिजे.

तळाशी राहतं कोण

ही माझी आवडती जागा, इथं जरा रेंगाळते. आपल्याकडे पृथ्वीखाली सात मजले सांगितले आहेत, अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. आपण धंदा रसातळाला गेला म्हणतो तेव्हा लक्षात घ्या, रसातळाच्या खाली अजून एक मजला शिल्लक आहे. अन् हे मजले रिकामे नाहीत. विष्णुपुराणात नारद पाताळ फिरून येतो अन् स्वर्गात जाऊन सांगतो की तिथं इथल्यापेक्षा छान आहे. अन् सुतलात कोण? बळी. वामनानं तिसरं पाऊल डोक्यावर ठेवून ज्याला खाली ढकललं तो. अन् भागवतात आहे की खुद्द विष्णू त्याच्या दाराशी राखण करत उभा राहतो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या घराघरांत काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. म्हणजे पाहा, जगात लोक खड्ड्यातल्या राजाला घाबरतात अन् आपण वर्षातून एकदा त्याची वाट पाहतो.

डोहाचंही तसंच. यमुनेच्या डोहात कालिया होता, तर कृष्ण काठावर उभा राहून गूढ वगैरे बोलत नाही बसला, उडी मारली अन् त्याच्या डोक्यावर नाचला. तुकोबांची गाथा इंद्रायणीच्या डोहात बुडवली अन् तेरा दिवसांनी वर आली, असं आपण मानतो. अन् तोच तुकोबा, ज्याचं सगळं लिखाण डोहात गेलं, तोच म्हणतो आनंदाचे डोही आनंद तरंग. दुसरा कोणी असता तर पुन्हा डोह हा शब्द तोंडातून काढला नसता!

हे सांगायचं कारण असं की मराठीत तुम्ही खोल जागा लिहिता तेव्हा वाचणाऱ्याच्या डोक्यात हे सगळं आधीच असते. आपल्याकडच्या खड्ड्याला बहुतेक वेळा तळ असतो अन् तळाशी कोणी ना कोणी बसलेलं असते. तुम्हाला बिनतळाचा, बिनमाणसाचा, पाश्चात्त्य पद्धतीचा खड्डा लिहायचा असेल तर खुशाल लिहा, पण मग तो तसा आहे हे वाचकाला नीट दाखवावं लागेल, नुसतं दरी म्हणून काम होणार नाही. काठावर उभं राहून हाक मारली अन् आपलाच आवाज परत आला नाही, असं काहीतरी.

लिहायचं असेल तर

सरळ सांगते. एक तर खड्डा दाखवायचाच कशाला? आपल्या नागपूरच्याच महेश एलकुंचवारांचं १९८५ चं नाटक घ्या, वाडा चिरेबंदी. एक अख्खं घराणं खाली जाऊन राह्यलं पण दरीबिरी काही नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे, येताजाता माणसं त्याला अडखळतात, हलवत मात्र कोणी नाही. बस. तो ट्रॅक्टर पाहिला की पोटात खड्डा पडतो. म्हणजे खड्डा वाचणाऱ्याच्या पोटात पडला पाहिजे, कागदावर नाही.

दुसरं, खोल हे विशेषण पहिल्या खर्ड्यात येऊ द्या अन् दुसऱ्यात सगळे खोल खोडा. खोल मन, खोल नजर, खोल वेदना, खोल श्वास. श्वास राहू द्या, बाकी काढा. त्याऐवजी आकडा किंवा वस्तू. किती पायऱ्या, किती दोर, दोर कशाचा, पोहरा वर येताना कितीदा भिंतीला आपटला. आपली जुनी माणसं तीन पुरुष पाणी म्हणायची, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी केली तर बुडतील एवढं. तीन पुरुष! माणसाच्या अंगानं मोजलेली खोली. अथांग म्हणण्यापेक्षा किती भीती वाटते त्यात.

तिसरं, खोल नेहमी खालीच असते असं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् लोकांच्या हॉलमध्ये अंधारात पाणी शिरलं, तेव्हा कोणी कुठं पडलं नव्हतं, खोलच वर चढून दाराशी आलं. माझी एक मैत्रीण त्या भागात राहते, ती सांगते की झोपेतून उठून पाय पलंगाखाली ठेवला अन् चप्पल सापडेना, पाय नुसता आत जातच राहिला. बाकी पुराचं काय काय नुकसान झालं ते तिनं सांगितलं पण मला तो पायच आठवते.

अन् आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना माहीत आहे, मी परत सांगत नाही. ज्यानं उदासी पाहिली नाही त्यानं उदासी लिहू नये असं माझं म्हणणं नाही, पण ज्यानं विहीर पाहिली नाही त्यानं निदान एकदा जाऊन पाहून यावी. नागपूरच्या महाल भागात जुन्या वाड्यांत अजून आहेत, जाळ्या लावलेल्या. रामटेकला कपूर बावली आहे, पायऱ्या उतरून जाता येते. जा एखाद्या रविवारी.

अन् खरंच पाय घसरला तर

मिस्टर गेले त्या वर्षी मी आत होती. दरी नाही म्हणणार, गाळ होता. सकाळी उठून दूध तापवायचं अन् ते उतू जाताना पाहत उभं राहायचं, गॅस बंद करायला हात उचलायचा नाही. येणारे जाणारे सगळे काठावरून ओरडायचे, हिंमत ठेवा, पोरांकडे पाहा, वेळ सगळं शिकवते. चांगली माणसं होती, पण वरून ओरडलेलं खाली नुसतं घुमते, शब्द कळत नाहीत. खालच्या मजल्यावरची एक बाई होती, ती काही बोलायची नाही, रोज साडेबाराला डबा ठेवून आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन जायची. मी भाजी तशीच ठेवली असली तर दुसऱ्या दिवशी ती भाजी नसायची. तेवढंच. दोर असाच असतो, बारीक.

विहिरीचा गाळ उपसायला माणूस उतरवायचे तेव्हा आजीकडे एक रीत होती. पहिले कंदील सोडायचे. कंदील खाली जाऊन जळत राहिला तरच माणूस कंबरेला दोर बांधून उतरणार, विझला तर खाली हवा नाही, कोणी उतरायचं नाही. आता हे विहिरीच्या बाबतीत पुरेसं नाही हेही सांगून ठेवते, काही विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत, बंद पडलेल्या विहिरीत नुसत्या दिव्याच्या भरवशावर उतरू नका, दर उन्हाळ्यात माणसं जातात. पण मनाच्या बाबतीत ती रीत बरी आहे. कोणी फार खाली गेलं आहे असं वाटलं तर स्वतः धाडकन उडी मारू नका, आधी पाहा आपला कंदील टिकतो का. नाहीतर एकाच्या जागी दोघं. अन् वरच्या लोकांनी दोर सोडायचा नाही, कंटाळा आला तरी.

अन् ज्याला मरणाचे विचार येऊन राह्यले त्याच्यासाठी ही सगळी उपमा बाजूला ठेवा. विदर्भात विहीर ही काही घरांसाठी उपमा नाही, त्यावर मी जास्त लिहित नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. नागपूरच्या मेडिकल अन् मेयो या सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथं गेलं म्हणजे वेडं ठरलं असं समजणारे लोक अजून आहेत, त्यांना समजू द्या. मी गेली होती. गोळ्या सहा महिने घेतल्या, दूध उतू जायच्या आधी गॅस बंद व्हायला लागला.

बाकी वस्तू वर काढायची रीत वेगळी. आजीच्या गावात विहिरीत बादली पडली की कोणी उतरत नव्हतं, गळ आणायचे. गळ म्हणजे लोखंडाची कडी अन् तिला चारी बाजूंनी वाकवलेले आकडे, आठदहा असतील, घोसासारखे. अख्ख्या आळीत एकाच घरी होता, ज्याची बादली पडली तो मागायला जायचा अन् त्या घरची म्हातारी गळ देताना हमखास विचारायची, दोर जुना होता ना? मग गळ दोराला बांधून सोडायचा, तळाला टेकला की हळूहळू फिरवायचा, भिंतीकडून मधात, मधातून भिंतीकडे. काही लागलं असं वाटलं तरी झटका द्यायचा नाही, झटका दिला की निसटते. आजी डोळे मिटून फिरवायची, म्हणायची पाहून काय करतं, हाताला कळते.

एकदा आमची नवी पितळी बादली पडली होती, मी दहाएक वर्षांची असेन. आजीनं दुपारभर गळ फिरवला. पहिले एक गंजकी कढई आली, कोणाची माहीत नाही. मग चपलेचा तळ. मग चिखलानं भरलेला एक तांब्या आला, तो धुतला तर त्यावर नाव कोरलेलं, आजीच्या सासूचं, तिच्या माहेरून आलेला, आजी लग्न होऊन घरात आली त्याच्या आधी कधीतरी पडला असेल. आजी तो घासून घासून पाहत बसली, संध्याकाळी देवाजवळ ठेवला. बादली काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी परत गळ टाकू म्हणाली, पण म्हातारीचं माणूस सकाळीच दारात, त्यांची कळशी पडली होती.